टर्बो बसवलेली गाडी आणि पसरणीचा घाट

परत आल्यापासून कुंभारीत जो भेटतो तो एकच विचारतो, गाडी उडाली का? प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसला, म्हणून लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरनं पुढं ढकलल्यामुळं झालेलं. शुद्धलेखन बघणाऱ्यानं दुसरं काहीतरी वाचावं.

गाडी माझी जुनी, काळी, पेट्रोलवरची. तिच्यावर जन्मभर भाडी मारली. वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, मयताला जाणारी माणसं नेली. सपाटीवर तिला कुणी नाव ठेवू नये. आमच्या सोलापूरकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल, तेवढाच. पण माझी सासुरवाडी पडली डोंगरावर, पाचगणीच्या पलीकडं टाकेवाडीला. तरुणपणी मी ट्रकवर होतो, बियाण्याचा बटाटा भरायला तिकडं जायचो, तिथंच सोयरीक जुळली. वाईहून वर जायला पसरणीचा घाट आहे. तिथं माझी गाडी दर वेळी हरायची.

हरायची म्हणजे कशी, ते सांगतो. काही वळणं चढली की पाणी उकळायचं, ताकद संपायची आणि गाडी उभी राहायची. ती मागं घसरू नये म्हणून मागच्या चाकाला उटी लावावी लागते. उटी म्हणजे पाचरीसारखा लाकडी ठोकळा. हे काम शालनच्या आईचं. शालन माझी मुलगी, एकुलती एक. तिच्या आईनं बाभळीची उटी करून घेतली होती आणि तिला दोरी बांधली होती, म्हणजे दर वेळी वाकायला नको. गाडी रांगत पुढं जायची, ही मागनं दोरीनं उटी ओढत चालायची. गाडी थांबली की उटी चाकाखाली. असा निम्मा घाट ती पायी चढायची आणि मी आत बसलेला. दिवाळीला तसंच, तिच्या भावाच्या लग्नाला तसंच. शालन पोटात होती तेव्हासुद्धा तसंच.

मागल्या माघात शालनची आई गेली. तापाचं निमित्त झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

वर्ष भरत आलं तसा तिच्या भावाचा निरोप आला की वर्षश्राद्ध टाकेवाडीलाच करू, तिची सगळी माणसं इथं आहेत. मला मुलगा नाही, भाऊबंद नावाला. मी बरं म्हटलं. शालन होटगीला असते, जावई रेल्वेत आहे. तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "एस्टीनं जाऊ."

"दारात गाडी असताना?"

"ती गाडी मला डोळ्याम्होरं नको. विकून टाका नि होटगीला या ऱ्हायला. एकट्यानं किती दिस भाकरी थापनार? करपलेलीच खाता."

"भाकरीचं सांगू नको. गाडी का विकू ते सांग."

"आईचा जन्म गेला तिच्या मागं चालण्यात. आजून काय सांगू?"

ते खोटं नव्हतं. पण गाडी गेली तर मी काय करणार, हेही मला दिसत होतं. होटगीच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्या मालगाड्यांचे डबे मोजायचे. तसले म्हातारे तिथं आधीच चार आहेत.

खोक्यातलं यंत्र

सिद्राम माझा मेकॅनिक. अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज आहे. घरी कन्नड बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनाशी दोन्ही. त्याच्या माळ्यावर एक खोकं पडून होतं. परदेशात राहून आलेल्या कुणीतरी आपल्या गाडीला लावायला आणलं होतं, पुढं त्यानं गाडीच काढून टाकली. खोक्यात टर्बो होता.

टर्बो म्हणजे काय ते मला सिद्रामनं सांगितलं तसं सांगतो. इंजिनाचा जो धूर वाया जातो त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. बाई चुलीत फुंकणीनं फुंकते आणि जाळ उठतो, तसं. फक्त इथं चुलीचाच धूर चूल फुंकतो.

"पण इंजिन तर कंपनीचं हाय तसंच ऱ्हानार," मी म्हणालो. "ते सोसंल का एवढं?"

"थोडं फुंकलं तर सोसतंय, तात्या. लई फुंकलं तर पिस्टनला भोक पडतंय. आपण थोडंच फुंकायचं."

त्यानं इंजिनाचं डोकं उचललं आणि खाली जाड गॅस्केट घातलं, म्हणजे आतला दाब जरा उतरतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं घेतलं. जोडणीची पट्टी लेथवर करून आणली. पहिल्या दिवशी होटगी रोडला गाडी जोरात पळवली तर इंजिन आतनं टकटक वाजायला लागलं, लोखंडी डब्यात हरभरे हलवल्यासारखं. सिद्राम म्हणाला, ही मरणाची खूण. परत गॅरेजला आणून त्यानं टायमिंग अजून मागं घेतलं, टर्बोचा दाब कमी केला. मग आवाज गेला आणि फक्त शिट्टी राहिली. पाय दाबला की पुढनं बारीक शिट्टी यायची आणि पाठ सीटला टेकायची. मला या वयात हसू आलं.

शालनला त्या गाडीत बसवून एक फेरी मारून आणली. उतरल्यावर ती म्हणाली, "ठीक हाय. टाकेवाडीला हिच्यातनं जाऊ. कुणाला खाली न उतरवता पसरणी चढली तर गाडी तुमची, मी परत त्वांड उघडणार न्हाय. उटी लावायला येकदा जरी कुणाला उतरावं लागलं, तर आल्या आल्या गाडी विकायची नि तुमी होटगीला यायचं."

"कबूल."

"आणि उटी संगं घ्यायची न्हाय. यंत्रावर यवढा भरवसा हाय न्हवं?"

तेही कबूल केलं. उटी भिंतीला खुंटीवर होती, तशीच राहू दिली.

सिद्राम बरोबर यायला निघाला, यंत्र त्याचं म्हणून. त्यानं जुने काढलेले पार्ट पोत्यात बांधून डिकीत टाकले आणि मला एकच गोष्ट बजावली. "तात्या, चढ चढून वर पोचलात की लगेच किल्ली फिरवायची न्हाय. आत पंखा लाल झालेला असतो, भिंगरीसारखा फिरत असतो. इंजिन बंद म्हणजे त्याचं तेल बंद. येक बिडी वढा, मग बंद करा."

"बिडी सोडली मी. हिच्या आजारपणात."

"मग माजी बिडी संपंस्तवर थांबा."

टेंभुर्णी, अकलूज

पहाटे निघालो. शालन पुढं माझ्या शेजारी, सिद्राम मागं. मोहोळला उजाडलं. शालन बसली होती ती जागा तिच्या आईची. ती पण तशीच बसते, पदर गुडघ्यावर घट्ट धरून, जणू गाडी पदर ओढून नेणार आहे.

टेंभुर्णीला चहा घेतला. फाट्यावरचं हॉटेल, सगळे ट्रकवाले. घरनं आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर काढली तसा हॉटेलवाला म्हणाला, बाहेरचं खायचं असेल तर बाहेर बसा. सिद्रामनं त्याच्या पुढ्यात चिमूटभर चटणी ठेवली. त्यानं चाखली आणि आणखी मागितली. मग बाहेर बसा म्हणाला नाही.

तिथनं आम्ही पुण्याचा रस्ता सोडून अकलूजकडं वळलो. हंगाम चालू होता. उसाच्या बैलगाड्या एकामागं एक, आणि हवेत मळीचा वास. आमच्याकडं माघात रान उघडं पडलेलं असतं, इथं दोन्ही बाजूंनी हिरवं. शालन म्हणाली, हितल्या लोकांना उन्हाळा कवा लागत असंल? सिद्राम म्हणाला, उसाचं बिल यायचं थांबल्यावर.

नातेपुत्याच्या अलीकडं घोटाळा झाला. एका उसाच्या गाडीला ओलांडताना मी पाय दाबला, टर्बोनं शिट्टी मारली आणि बैल बिथरले. गाडी तशीच चारीत उतरली. उलटली नाही, पण चाक रुतलं. गाडीवान खाली उतरून आमच्याकडं आला.

"काय घातलंय हो त्या गाडीत? भूत का?"

"टर्बो हाय," सिद्राम म्हणाला.

"आमच्या बैलाला काय कळतंय टरबुज हाय का काय? या हिकडं, खांदा लावा."

तिघांनी खांदा लावला. शालननं सुद्धा. चाक निघालं. गाडीवानानं जाताना आम्हाला एक एक ऊस दिला आणि सांगितलं की बैल दिसलं की भूत गप करत जावा. पुढं फलटणपर्यंत मी तसंच केलं. बैलगाडी दिसली की पाय उचलायचा. एवढी ताकद असून अर्धा रस्ता बैलाच्या चालीनं गेला.

फलटणला धर्मशाळेत मुक्काम केला. थंडी आमच्यापेक्षा जास्त. शालननं मला आईची वाकळ दिली, तीच घेऊन आली होती.

लोणंद, खंबाटकी

दुसऱ्या दिवशी लोणंदला कांद्याच्या बाजारात गाडी उभी केली. गावभर कांद्याचा वास. सिद्रामला खायचा नाद. कांदाभजीचा घाणा निघाला तसा तो तिथनं हललाच नाही. मी दोनदा हाक मारली तर म्हणतो, "स्वल्प थांबा, स्वल्प." त्याचं स्वल्प म्हणजे जरासं. पण पोटात गेलं ते जरासं नव्हतं. खंडाळा मागं पडलं तेव्हा तो मागच्या सीटवर आडवा होऊन घोरत होता.

खंबाटकीचा घाट पसरणीसारखा लांब नाही, पण पूर्वी तिथंही मला धाप लागायची. म्हणजे गाडीला. या खेपेला पायथ्यालाच शिट्टी सुरू झाली ती थांबली नाही. भरलेले ट्रक रांगत होते. एकाला मागं टाकलं, दुसऱ्याला टाकलं. एक क्लीनर मागनं उतरून दगड घेऊन चाकाच्या कडेनं चालत होता. त्यानं आमच्याकडं असं बघितलं की मी हॉर्न वाजवला. पाण्याचा काटा जागचा हलला नाही. शालननं दोन्ही हातांनी पुढची पट्टी धरली होती. तिच्या तोंडाकडं बघितलं तर ती हसत होती.

"चढती की हो, आण्णा."

"मग?"

"आईला दावायला पायजे हुतं."

तेवढ्यात माथा आला. पुढं उतार, खाली सगळा मुलूख उघडा. आता ऐका, कारण सगळं इथं झालं.

आमच्या भाड्याच्या गाडीवाल्यांची एक सवय आहे. माथा आला की किल्ली बंद, गियर काढायचा आणि उतार फुकट उतरायचा. पेट्रोल महाग झालं तेव्हापासून तर कुणी माथ्यावर इंजिन चालू ठेवलं तर तो मूर्ख. शालनची आई पेट्रोलच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. घाटाच्या टोकाला पोचलो, ती धापा टाकत आत येऊन बसली की पदरानं तोंड पुसायच्या आधी म्हणायची, बंद करा की आता.

शालन शेजारी बसली होती. उतार दिसला तशी ती म्हणाली, "आण्णा, बंद करा की आता."

आवाज तोच. म्हणायची तऱ्हा तीच. मी किल्ली फिरवली.

शिट्टी जराशी लांबली आणि विझली. मग नुसता वारा आणि टायरचा आवाज. गाडी वळणावळणानं खाली चालली. वर्षभरात मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं, हे खरं ते लिहितो. मागं सिद्राम घोरत होता, त्याची बिडी त्याच्या खिशात. मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. खाली सुरूरला सपाटी लागली तेव्हा गियर टाकून क्लच सोडला, इंजिन चालू झालं आणि वाईला वळलो.

वाई

वाईला नदीच्या घाटाजवळ चहाला थांबलो. सिद्राम उठला, डोळे चोळत बाहेर आला. मी गाडी बाजूला घेताना पाय दाबला तसा तो जागीच उभा राहिला.

"तात्या, शिट्टी कुटं गेली?"

मीही ऐकलं. शिट्टी नव्हती. खरखर होती, जात्यात खडा आल्यासारखी.

त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, मग सरळ झाला. "माथ्यावर बंद केली?"

"केली."

"बिडी?"

"तू झोपला हुतास."

त्यानं कपाळाला हात लावला. मला शिवी देता येत नव्हती म्हणून भज्यांना दिली, कन्नडमधनं. मग सांगितलं की पंख्याचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथलं तेल जळून कोळसा झालं असणार. चालेल तोवर चालेल. "टर्बो सोडवायचा असंल तर हितंच सोडवू. जुनं सामान हाय पोत्यात."

"सोडवल्यावर पसरणी चढंल का?"

"न उतरता? न्हाय. पयल्यापेक्षा वाईट चढंल. जाड गॅस्केट घातलंय, टायमिंग मागं हाय. फुंकर न्हाय तर जाळ न्हाय."

शालन कपबशी हातात धरून ऐकत होती. माझ्याकडं बघत होती. श्राद्ध दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सोडवलं तर मी तिथंच हरलो. नाही सोडवलं तर थोडी आशा होती. मी म्हणालो, "बसा."

पसरणी

पहिली वळणं ती चढली. खरखर होती पण ताकद होती. मी मनात म्हणत होतो, हे वळण, आता हे. देवाधर्माचं नाव घेतलं नाही, गाडीलाच म्हणत होतो. निम्म्याच्या जरा खाली, जिथं रस्ता डोंगराला चिकटून वर वळतो, तिथं पुढनं कर्र असा आवाज झाला आणि पंखा जाम झाला. मागनं निळा धूर, जळक्या तेलाचा वास. धुराची वाटच बंद, मग इंजिन श्वास कुठनं घेणार. गाडी गचके देत उभी राहिली आणि मागं सरकायला लागली.

हँडब्रेक नावाला आहे. मी पायाचा ब्रेक दाबून धरला, आणि माझ्या तोंडातनं नेहमीची हाक गेली, "उटी घे."

हाक गेल्यावर कळलं की घेणारं कुणी नाही, आणि उटी कुंभारीला खुंटीवर.

शेजारचं दार उघडलं. डिकी उघडल्याचा आवाज आला. मग चाकाखाली लाकूड सरकलं, तो ठक असा आवाज मला झोपेत पण ओळखू येईल. आरशात बघितलं. शालन दोरी हातात धरून उभी होती.

मी ब्रेक हळूच सोडला. गाडी उटीवर बसली. खाली उतरलो.

"तूच म्हणाली हुतीस, उटी घ्यायची न्हाय."

"म्हणलं हुतं. निघताना खुंटीवर दिसली. पिशवीत घातली."

"गाडीवर भरवसा नव्हता व्हय?"

"आईनं सोडली असती का घरी?" मग म्हणाली, "आण्णा, माथ्यावर बंद करा मीच म्हणलं न्हवं?"

"किल्ली माज्या हातात हुती."

सिद्रामनं पोतं उघडलं. गरम लोखंड, चढाचा रस्ता, खाली दरी. हात भाजत त्यानं टर्बो सुटा केला. पंख्याला बोट लावून बघितलं, हलला नाही. जुनं सामान परत चढवलं, टर्बोला जाणारी तेलाची नळी होती तिचं तोंड बोल्ट मारून बंद केलं, खालचं भोक बुजवलं. जाणाऱ्या एस्टीतली माणसं खिडकीतनं बघत होती. एकजण ओरडला, "काय पाव्हणं, भंगार का?" सिद्राम म्हणाला, "व्हय, घेता का? शिट्टी फुकट."

इंजिन चालू झालं. आता गाडी पूर्वी होती त्याहून लेचीपेची. जरा चढायची, थांबायची. सिद्राम उटीची दोरी घ्यायला पुढं झाला.

"द्या अक्का, मी वढतो."

"बेडा, बेडा," शालन त्याच्याच भाषेत म्हणाली. बेडा म्हणजे नको. सिद्राम हसला आणि पाण्याचा डबा घेऊन मागं चालायला लागला.

मी आत एकटा. आरशात ती दिसत होती. पदर खोचलेला, दोरी उजव्या हातात, मान खाली. मी आरशात जास्त बघितलं नाही, रस्ता बघायचा होता.

एका वळणावर पाणी उकळलं म्हणून थांबलो. ती खिडकीशी आली. तोंड लाल झालेलं.

"आण्णा, हितं थांबल्यावर आई काय करायची?"

"खाली बघायची. मग मला म्हणायची, सगळं वाई दिसतंय, आत बसून तुमाला काय कळणार."

तिनं वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. "म्हणजे तिचं हाल न्हवतं हुत?"

"हुत हुतं की. शिव्या पण द्यायची. गाडीला देती का मला, ते इचारलं न्हाय कधी."

"उतरा खाली."

"कशाला?"

"उटी लागलीया. उतरा."

उतरलो. इतक्या वर्षांत त्या वळणावर मी कधी गाडीतनं उतरलो नव्हतो. पाय ब्रेकवर, डोळे पाण्याच्या काट्यावर. खाली कृष्णा नदी, देवळांची शिखरं, हिरव्या पिवळ्या वाफ्यांचे तुकडे, पलीकडं धरणाचं काम चाललं होतं तिथली धूळ. सगळं हातावर ठेवल्यासारखं. वारा गार होता. तीन माणसं आम्ही तिथं उभी राहिलो, पाणी थंड होईपर्यंत. सिद्रामनं बिडी पेटवली, ती पूर्ण ओढली आणि म्हणाला, "आता काय उपेग."

टाकेवाडी

दिवस मावळता पोचलो. मेव्हणा वेशीवरच उभा होता. लांबनंच गाडीचा आवाज ओळखला म्हणाला. पहिला प्रश्न त्यानं हा विचारला, "दाजी, उटी कुणी लावली?"

"मी लावली, मामा," शालन म्हणाली.

तो डिकीतलं सामान काढायला लागला. सामान थोडंच होतं, पण त्याला बराच वेळ लागला.

तिकडचं जेवण वेगळं. नाचणीची भाकरी काळी आणि मऊ, घेवड्याची आमटी, वर भाताशिवाय जेवण झालं असं ते मानत नाहीत. आमच्याकडं भात सणाला. श्राद्धाला पण त्यांनी पानभर भात वाढला. मी म्हणालो, ती सोलापूरला येऊन भाकरीची झाली होती. मेव्हण्याची बायको म्हणाली, "व्हय, पण हितं आली की आधी भातच मागायची." ते मला माहीत नव्हतं. शेवटी पानात आमची शेंगाचटणी पण ठेवली, एका कडेला. विधी ओढ्याकाठी झाले. ते सगळीकडं असतात तसेच.

परत

येताना पसरणीच्या माथ्यावर पोचलो. मी इंजिन चालू ठेवून उतरायला लागलो. शालन माझ्याकडं बघत होती.

"ते यंत्र आता न्हाय न्हवं?"

"पोत्यात हाय."

"मग बंद करा की."

मागं सिद्राम जागा होता. तो म्हणाला, "करा तात्या. आता बिनबिडीचं चालतंय."

बंद केली. वाईपर्यंत वाऱ्याशिवाय आवाज नव्हता.

कुंभारीला पोचल्यावर शालननं चहा केला. मी ठरल्याप्रमाणं बोललो. शब्द दिला होता, आणि उटी एकदा नाही, किती वेळा लागली ते मोजलं नाही. मी म्हणालो, "गिऱ्हाईक बघतो. सिद्राम जाड गॅस्केट काढून गाडी पयल्यासारखी करून देतो म्हणतोय, मग चार लोकांना दावतो. माझी एक पेटी हाय तेवढी होटगीला आणतो."

ती कपबशी विसळत होती. हात पुसून आली, पिशवीतनं उटी काढली आणि खुंटीवर लावायच्या ऐवजी परत पिशवीत घातली.

"ही होटगीला नेती."

"गाडी विकल्यावर उटी काय करायची तुला?"

"विकू नका. पण परत घाटात जायचं झालं तर आधी होटगीला यायचं. उटी माज्याकडं ऱ्हानार, नि लावणारी बी मीच."

"आणि भाकरी?"

"ऐतवारी या जेवायला. करपलेली न्हाय मिळणार."

टर्बो सिद्रामच्या माळ्यावर त्याच खोक्यात आहे. अजून हातानं फिरत नाही. ज्याला बघायचा असेल त्यानं जाऊन बघावा, पण सिद्राम आधी बिडीचं सांगतो आणि मग खोकं काढतो. आणि गाडीचं विचारत असाल तर ती उडाली नाही. चालत चढली, जशी कायम चढत आली तशी, मागं घरातली एक बाई उटी ओढत.